साडेबारा ते तीन

अर्जात एक रकाना होता : अमूर्त, कृष्णधवल.
खाली बारीक अक्षरांत,
वस्तू ओळखू येता कामा नये.

नखीलमध्ये, बिर्याणीच्या हॉटेलवरच्या खोलीत
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमचं मंडळ बसतं.
परीक्षक इद्रीस सर, खार्तूमचे, निवृत्त चित्रकलाशिक्षक,
फोटो हातभर लांब धरून बघतात,
मग उलटा करून.

माझी शिडीची सावली पहिल्याच फेरीत गेली.
"शिडी आहे," म्हणाले.
"सावली आहे," मी म्हटलं.
"सावलीलासुद्धा पायऱ्या आहेत, बाई."

रंग काढले की चित्र अमूर्त होत नाही,
हे मला तरी कळायला हवं होतं.
मी खोर ख्वैरला, सिमेंटच्या प्रयोगशाळेत.
रंग आमच्याकडे मुळातच रजेवर :
डोंगर राखाडी, ट्रक राखाडी, गाफची झाडं राखाडी,
डब्याचं झाकणसुद्धा,
आणि तरी एकूण एक वस्तू आपापल्या नावानिशी उभी.
घुग्गुसला वाढले मी. धूळ मला पाहुणी नाही.

मग ओहोटीच्या चिखलातल्या रेघा दिल्या.
"टायर."
मशिदीच्या जाळीतून फरशीवर सांडलेला उजेड दिला.
सर बराच वेळ गप्प.
"हे ज्यानं जाळी कोरली त्यानंच करून ठेवलंय.
तू फक्त पोचपावती दिलीस."

जुलैत पाण्याच्या कूलरपाशी रांगेत होते.
पुढे एक पाठ.
गडद निळा सदरा, त्यावर मिठाच्या दोन रेघा,
एक खांद्यांखाली, वळसे घेत गेलेली,
दुसरी कमरेपाशी, तुटक.
मोबाइलवरच टिपली.
रंग काढले, कडा छाटल्या.
कॉलर गेली, शिवण गेली,
माणूस गेला.

मंडळात हात वर झाले.
किनारा, विमानातून.
छे, संगमरवर.
दुधावरची साय, कोणी म्हणालं, रात्रीची.
इद्रीस सरांनी उलटा केला, आडवा केला,
आणि पहिल्यांदाच हसले :
"आता मला काहीच कळत नाही. घ्या."

कंपनीनं कौतुकानं चौकटीत घालून
कॅन्टीनच्या भिंतीवर लावला.
पॅकिंगचा गुलशेर ताट हातात घेऊन थांबला.
त्याला उलटा करावा लागला नाही.
"पाठ माझी आहे," म्हणाला, त्याच्या उर्दूत.
"वरची रेघ सकाळची.
साडेबाराला काम थांबतं, सदरा अंगावरच वाळतो.
खालची तीननंतरची."
आणि मधल्या काळ्यावर बोट ठेवून,
"इथं मी झोपलो होतो. पुठ्ठ्यावर, चार नंबर शेडच्या आडोशाला."

तो काळा भाग मी छापताना मुद्दाम दाट केला होता.
समतोलासाठी.

नोंद मागे घेऊ का, सरांना विचारलं.
नियम आहे. वस्तू ओळखू आली.
"कोणाला?" म्हणाले,
आणि चहात साखर ढवळत राहिले, विरघळून गेली तरी.
शीर्षकाचा रकाना मी कोरा ठेवला होता.
तो तेवढा पेन्सिलीनं भरला.

गुलशेरला एक प्रत देऊ केली, स्वातला पाठवायला.
नको म्हणाला. घरी पाठ काय पाठवायची.
त्याला रंगीत हवा होता, इस्त्रीच्या सदऱ्यात,
कॉर्निशवर, मागे समुद्र, हात मांड्यांना चिकटलेले.
तोही काढला.
सगळं ओळखू येतं त्यात :
कठडा, पाणी, मिशा, मनगटावरचं घड्याळ.
फक्त तो कुठे आहे,
ते हातभर लांब धरूनही मला सापडत नाही.

घरी सापडला म्हणे.
धाकटीनं तर पहिल्याच नजरेत विचारलं,
बाबा, घड्याळ कोणाचं?